स्थूलता, शस्त्र आणि रोगी आतडे

एका पिढीने सहज टाकून दिलेली वस्तू पुढच्या पिढीस जपून ठेवावीशी वाटते, असे वैद्यकाच्या इतिहासात अनेकदा घडले आहे. माणसाच्या लहान आतड्याची कथा अशीच आहे.

१९३२ साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील क्रोन, गिंझबर्ग व ओपनहायमर या तिघा डॉक्टरांनी लहान आतड्याच्या शेवटच्या भागात होणाऱ्या एका चिवट दाहाचे वर्णन प्रसिद्ध केले. हाच पुढे ‘क्रोनचा रोग’ म्हणून ओळखला गेला. पोटदुखी, जुलाब आणि खंगत जाणारे शरीर, अशीच या रोग्याची मूर्ती डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे दीर्घकाळ राहिली. असा रोगी लठ्ठही असू शकतो, हे पुष्कळ उशिरा ध्यानात आले.

दुसरीकडे, १९५४ साली मिनेसोटात क्रेमेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान आतड्याचा बराचसा भाग वगळून अन्नाला जवळची वाट करून देण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. अन्नाचा आतड्याशी संबंधच थोडा आला, तर ते अंगी लागणार नाही, असा हा सरळ हिशेब! पुढे ही शस्त्रक्रिया पुष्कळ स्थूल रोग्यांवर झाली. वजने उतरली खरी. परंतु पाठोपाठ जुलाब, मूतखडे, सांधेदुखी आणि कित्येकांच्या यकृताचा नाश ही संकटे आली. अखेर ती शस्त्रक्रिया मागे पडली. निरोगी आतड्याची ही गत, तर रोगी आतड्याची काय झाली असती?

१९६७ साली आयोवाच्या मेसन व इटो यांनी जठराचा लहानसा भाग वेगळा करून तो आतड्याला जोडण्याची रीत मांडली. त्यानंतर जठराचाच मोठा भाग काढून उरलेल्याची अरुंद नळी करण्याची ‘स्लीव्ह’ पद्धत आली. हिच्यात आतड्याला हात लागत नाही. क्रोनच्या रोग्याला पुढेमागे आतड्याचा तुकडा कापावा लागण्याचा संभव असतो; म्हणून आतड्याची लांबी ही त्याची शिल्लक पुंजी होय. त्याच्यासाठी बहुधा स्लीव्हच निवडतात, ती या कारणाने. अल्सरेटिव्ह कोलायटिसचा दाह मोठ्या आतड्यापुरता असतो. तेथे निवडीला थोडी अधिक मोकळीक राहते.

आजवरचा अनुभव आशादायक आहे, पण तो लहान लहान रुग्णसमूहांचा आहे. धोके उरतातच. स्टेरॉइडे चालू असतील तर जखम भरण्यास विलंब लागतो, शिवण पाझरण्याचे भय वाढते. बी-१२ जीवनसत्त्व शोषले जाण्यास जठराचा स्राव लागतो आणि आतड्याचे शेवटचे टोकही लागते. एक कापलेले व दुसरे रोगट, अशी दुहेरी अडचण येथे होते. म्हणून रोग शांत असताना, पोटविकारतज्ज्ञ व शल्यविशारद यांनी एकत्र विचार करून, पुढे आयुष्यभर रक्ततपासणी ठेवूनच हे पाऊल टाकणे इष्ट.

तेव्हा ‘ही शस्त्रक्रिया सुरक्षित आहे काय?’ एवढेच विचारून आपले भागत नाही. कोणाची, कोणती आणि केव्हा, हे तीन प्रश्न आपण त्याला जोडले पाहिजेत. गेल्या पिढीतील रोग्यांनी आपल्या शरीराचे मोल देऊन आपल्याला ते शिकविले आहेत.