मर्सिडीज: एक नाव, तीन प्रश्न

संशोधनाची तयारी करताना एक मोह सगळ्यांनाच होतो: दोन गोष्टी सारख्या दिसल्या की त्यांच्यामध्ये लगेच बाण काढायचा. मला जुन्या गाड्यांचा नाद आहे आणि शब्दांच्या उगमाचाही. या दोन्ही नादांत हा मोह फार छळतो. म्हणून आज एकच उदाहरण नीट तपासू: मर्सिडीज.

आधी मोह बघा. १८४४ मध्ये अलेक्झांडर द्यूमाची ‘द काउंट ऑफ माँटे क्रिस्टो’ पॅरिसच्या वर्तमानपत्रात क्रमशः यायला लागली. तिच्या नायकाचं जिच्याशी लग्न ठरलेलं असतं, तिचं नाव मर्सेदेस. म्हणजे आपली मर्सिडीजच, स्पेलिंग तेच. ३ मार्च १८७५ ला पॅरिसमध्ये बिझेचा ‘कार्मेन’ हा ऑपेरा रंगमंचावर आला. त्यात कार्मेनची एक मैत्रीण मर्सेदेस. तिसऱ्या अंकात ती पत्त्यांवर भविष्य बघते. १८८९ मध्ये एमिल येलिनेक या व्यापाऱ्याला मुलगी झाली. तिला घरात मर्सेदेस म्हणत. आणि १९०१ मध्ये याच नावाची मोटार शर्यती जिंकायला लागली. कादंबरी, ऑपेरा, मुलगी, मोटार. तारखासुद्धा ओळीने! सेमिनारमध्ये टाळ्या नक्की.

पण ‘नंतर’ म्हणजे ‘त्यामुळे’ नव्हे. आता एकेक दुवा सुटा करून बघू.

पहिला प्रश्न: मोटारीला हे नाव कुठून आलं? इथे कागद बोलतात. येलिनेक फ्रान्समधल्या नीस शहरात श्रीमंतांना डायमलर कंपनीच्या गाड्या विकायचा. १८९९ मध्ये तिथल्या शर्यतीत तो मुलीचं नाव टोपणनाव म्हणून घेऊन उतरला. एप्रिल १९०० मध्ये त्याने कंपनीशी नव्या इंजिनाचा करार केला, त्यात ‘डायमलर-मर्सेदेस’ हे नाव आलं. विल्हेल्म मायबाखने ३५ अश्वशक्तीची गाडी घडवली आणि मार्च १९०१ मध्ये तिने नीस गाजवलं. १९०२ मध्ये नावाला कायदेशीर संरक्षण मिळालं. १९०३ मध्ये तर बापाने स्वतःच्या आडनावालाच मुलीचं नाव जोडलं! शर्यत, करार, नोंदणी: प्रत्येक पायरीला तारीख आहे. हा बाण पक्का.

दुसरा प्रश्न: मुलीला नाव कादंबरीवरून किंवा ऑपेरावरून मिळालं का? असं लिहायचं तर एखादं पत्र, डायरी, घरच्या माणसाची साक्ष हवी. तारखांचा क्रम पुरत नाही. उलट दुसरं साधं स्पष्टीकरण समोर आहे. मेरी मातेच्या एका बिरुदावरून आलेलं मर्सेदेस हे स्पॅनिश मुलींचं नेहमीचं नाव. १८७८ मध्ये स्पेनची राणीसुद्धा मर्सेदेसच होती. द्यूमाची नायिका मार्सेयच्या कॅटलान वस्तीतली, कार्मेनची मैत्रीण सेव्हिलची. दोन्हीकडे स्पॅनिश वळणाचं नाव शोभणारच. भावंडं सारखी दिसतात ती आईबापांमुळे, एकमेकांमुळे नव्हे.

तिसरा प्रश्न: मूळ शब्द कुठला? लॅटिनमध्ये ‘मर्सेस’ म्हणजे मजुरी, मोबदला. चर्चच्या भाषेत त्याचा अर्थ दया, कृपा असा झाला. इंग्रजी ‘मर्सी’ आणि फ्रेंच माणूस आभार मानताना म्हणतो तो ‘मेर्सी’ त्यातलेच. पणजीजवळच्या मेरशी गावाचं पोर्तुगीज नावही मर्सेस, तेही मेरी मातेच्या त्याच बिरुदावरून. म्हणजे गोव्यातलं गाव आणि जर्मन मोटार यांचा शब्द एकच! पण गाव मोटारीवरून किंवा मोटार गावावरून, असं कुणी म्हणेल का? हसू येईल. मग ऑपेराच्या बाबतीत तसंच विधान करताना आपल्याला हसू का येत नाही? कारण ती गोष्ट सुंदर आहे. सुंदर गोष्टींपासूनच संशोधकाने जास्त सावध राहायचं असतं.

शब्दाचं मूळ, माणसाचं नाव आणि मालाचं नाव हे तीन वेगळे प्रश्न आहेत. एकाचा पुरावा दुसऱ्याला चालत नाही. तुमच्या विषयातही हे करून बघा. वहीत तीन रकाने आखा: दावा, त्याचा तारखेसह पुरावा आणि पर्यायी स्पष्टीकरण. मधला रकाना रिकामा राहिला, तर तो दावा प्रबंधात विधान म्हणून नाही, प्रश्न म्हणून लिहा. मार्गदर्शकाने बोट ठेवण्याआधी आपणच ठेवलेलं बरं.