फेफऱ्याच्या वाटा

मेंदूतील पेशी एकमेकींशी विजेच्या सूक्ष्म संदेशांनी बोलतात. हे संदेश एकाएकी बेताल झाले की माणूस कोसळतो, हातपाय झाडतो, तोंडाला फेस येतो, दातखीळ बसते. किंवा यातले काहीच न होता तो काही क्षण नुसता हरवल्यासारखा बघत राहतो. असे झटके उघड कारणाशिवाय पुन्हा पुन्हा येऊ लागले की त्याला अपस्मार म्हणतात. मराठवाड्यात तो फेफरं, मिरगी, आकडी किंवा सरळ ‘फिट येणं’ म्हणून ओळखला जातो. छत्रपती संभाजीनगर आणि भोवतालच्या जिल्ह्यांत या आजाराची निरनिराळी स्पष्टीकरणे एकामागून एक आली. नवे आले म्हणून जुने मात्र गेले नाही. एकाच घरातला रुग्ण वैद्य, हकीम, दर्गा आणि दवाखाना अशा सगळ्या वाटा चालत राहिला.

सर्वांत जुनी मांडणी चरकसंहितेची. स्मृतीचा लोप, अंधारात शिरल्यासारखी अवस्था आणि शरीराच्या भेसूर हालचाली ही तिने सांगितलेली लक्षणे. वातज, पित्तज, कफज आणि सान्निपातिक असे चार प्रकार, शेवटचा असाध्य. झटक्याआधी रुग्णाला दिसणाऱ्या आभासांचे रंगही दोषानुसार वेगळे सांगितले आहेत: वातात काळपट, पित्तात पिवळे-तांबडे, कफात पांढरे. आजच्या मेंदूविज्ञानात झटक्याच्या या पूर्वसूचनेला स्वतंत्र महत्त्व आहे, कारण झटका मेंदूच्या कोणत्या भागातून सुरू होतो याचा माग तिच्यावरून लागतो. उपचारात वमन, विरेचन, बस्ती, नस्य आणि पंचगव्य घृतासारखी औषधी तुपे होती. ती किती गुणकारी, हा वाद बाजूला ठेवला तरी चरकाची एक सूचना अजिबात जुनी झालेली नाही. अपस्माराच्या रुग्णाला पाणी, आग, झाडे, डोंगर आणि उंचसखल जागा यांपासून जपावे, असे तो सांगतो. विहिरी आणि चुलींच्या मुलखात हा सल्ला किती मोलाचा, हे वेगळे सांगायला नको; आजचे डॉक्टरही तेच बजावतात.

शहरात दुसरी परंपरा आली ती दरबाराबरोबर. मलिक अंबरच्या खडकीचे औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) झाले, पुढे पहिल्या आसफजाहाने येथून कारभार पाहिला, आणि निजामी राज्यात युनानी वैद्यकाला राजाश्रय मिळाला. हकिमांच्या भाषेत हा आजार ‘सरा’. बलगम (कफ) किंवा सौदा (काळे पित्त) यांसारख्या दूषित द्रवांनी मेंदूच्या पोकळ्यांत अडथळा येतो, त्यामुळे झटका येतो, ही इब्न सीनाच्या परंपरेतली कल्पना. मेंदूची झाडलोट करणारी वनस्पती म्हणून उस्तुखुद्दूस दिली जाई. ऊद सलीबची मुळी गळ्यात बांधण्याची रीत तर थेट ग्रीक वैद्य गॅलेनपर्यंत मागे जाते. तपशील चुकले असले, तरी वैद्य आणि हकीम दोघांनीही हा शरीराचा आजार मानला. ‘बाहेरचं काहीतरी’ हे उत्तर लोकांत जितके पक्के होते, तितके ते या ग्रंथांत नव्हते.

लोकांची वाट वेगळी होती. बुलढाणा जिल्ह्यातील सैलानीबाबांचा दर्गा आणि भोकरदन तालुक्यातील महानुभावांचा जाळीचा देव या ठिकाणी बाधा झाल्याचे समजून माणसे आणली जात आणि अजूनही आणली जातात. घरच्या घरी लिंबू, उतारा, गंडा-दोरा. रस्त्यात झटका आला तर नाकाशी कांदा किंवा चप्पल, मुठीत लोखंडी किल्ली. बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. कांदा हुंगवेपर्यंत तेवढा वेळ गेलेला असतो, म्हणून श्रेय कांद्याला मिळते. या समजुती टिकून राहण्याचे याहून चांगले स्पष्टीकरण सापडणे कठीण. काही उपाय मात्र निरुपद्रवी नव्हते. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणे, मारहाण, मिरचीची धुरी, पादत्राण भिजवलेले पाणी पाजणे हे सारे राज्याच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवले.

युरोप-अमेरिकेत एकोणिसाव्या शतकापासूनच बरेच काही घडत होते. 1857 मध्ये लंडनच्या चार्ल्स लोकॉकने पोटॅशियम ब्रोमाइडचा उपयोग सांगितला. जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन याने 1870 च्या दशकात झटका म्हणजे मेंदूच्या करड्या भागातून अचानक होणारा जोरदार विसर्ग असल्याचे मांडले. 1912 मध्ये फिनोबार्बिटोन आणि 1938 मध्ये फेनिटोइन आले. 1929 मध्ये हान्स बर्गरने माणसाच्या मेंदूचा विद्युत आलेख, म्हणजे ईईजी, प्रसिद्ध केला. फिनोबार्बिटोन आणि फेनिटोइनच्या गोळ्या स्वस्त होत्या आणि आजही आहेत. मराठवाड्याचे दुखणे औषधाचे नव्हतेच. ते लिहून देणाऱ्या आणि वर्षानुवर्षे चालू ठेवणाऱ्या व्यवस्थेचे होते. निजामी राज्याचे मनोरुग्णालय जालन्याला होते खरे, पण हैदराबाद संस्थानाच्या विलीनीकरणानंतर तेही हैदराबादला गेले.

चित्र बदलू लागले 1956 मध्ये छत्रपती संभाजीनगरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यावर. त्याचे रुग्णालय, म्हणजे लोकांची ‘घाटी’, जालना, बीड, परभणीपासून बुलढाण्यापर्यंतच्या रुग्णांचा आधार झाले. अलीकडे प्रधानमंत्री स्वास्थ्य सुरक्षा योजनेतून तेथे अतिविशेषोपचार विभागाची इमारतही उभी राहिली. आता रुग्णाच्या नातेवाइकांना पहिला प्रश्न विचारला जातो तो झटक्याच्या सुरुवातीचा. एका हाताला मुंग्या किंवा एकाच बाजूला झटके, तर तो मेंदूच्या एका भागातला; सुरुवातीपासून शुद्ध हरपून सगळे शरीर ताठ होते आणि मग झडू लागते, तर दोन्ही बाजूंचा. वर्गात मूल दिवसातून अनेकदा क्षणभर शून्यात बघते आणि गुरुजी त्याला बेफिकीर ठरवतात, तो क्षणिक बेभानतेचा प्रकार. मोबाइलवर केलेले चित्रण इथे शंभर वर्णनांपेक्षा उपयोगी पडते.

कारणांच्या शोधात भारताचा स्वतःचा एक अध्याय आहे. सीटी स्कॅन आल्यावर झटके येणाऱ्या अनेक तरुण रुग्णांच्या मेंदूत एकच लहानशी गाठ दिसू लागली. ती क्षयाची समजून महिनोन्‌महिने क्षयाची औषधे दिली जात. 1990 च्या सुमारास वेल्लोरच्या डॉक्टरांनी अशा गाठी काढून तपासल्या, तेव्हा बहुतेक डुकरातल्या पट्टकृमीच्या अळीच्या निघाल्या. कित्येक तर आपोआप विरघळतात, हेही कळले. माणसाच्या विष्ठेतली या कृमीची अंडी दूषित पाण्यातून किंवा न धुतलेल्या भाजीतून पोटात जातात, त्यामुळे शाकाहारी घरांतही हा आजार आढळतो. क्षयाच्या गाठी, जन्मावेळी गुदमरणे, डोक्याला मार, पक्षाघात, मेंदूज्वर आणि आनुवंशिकता ही इतर कारणे. तापात लहान मुलांना येणारी आकडी बहुधा अपस्मार नसते.

सर्वांत चिवट अडचण लग्नाची. 1976 च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणारे वेडाचे किंवा अपस्माराचे झटके लग्नाच्या आड येणारे मानले गेले आणि अशा विवाहाला रद्द करण्याचे दार उघडले. एका शारीरिक आजाराला कायद्यानेच वेडाशेजारी बसवले. 1999 मध्ये ‘अपस्मार’ हा उल्लेख वगळला, तरी स्थळ पाहताना आजार लपवणे थांबले नाही. आजार लपवून केलेल्या लग्नात सून गोळ्या चोरून घेते, त्या चुकतात आणि झटके पुन्हा येतात. पुण्याच्या ‘संवेदना’ या आधारगटाने म्हणूनच अपस्मार असणाऱ्यांसाठी वधू-वर मेळावे घेण्याचे काम हाती घेतले.

योग्य औषधांनी सुमारे 70 टक्के रुग्णांचे झटके थांबू शकतात. साधारण दोन वर्षे झटका न आल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या हळूहळू कमी करता येतात. एकदम बंद केल्या तर झटक्यांची माळच लागू शकते. बाळंतपणाच्या वयातील स्त्रियांना व्हॅल्प्रोएट शक्यतो टाळतात, कारण गर्भाला धोका असतो. दोन औषधे नीट घेऊनही झटके आवरत नसतील, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. भारतात तिची सुरुवात 1950 च्या दशकात वेल्लोरला जेकब चांडी यांनी केली. झटका चालू असताना रुग्णाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, घड्याळ पाहावे, तोंडात चमचा किंवा पाणी घालू नये. पाच मिनिटे उलटली तर रुग्णवाहिकेसाठी 108 क्रमांक लावावा.