दोरीचे दुसरे टोक

जुने छताचे पंखे जमवणारी माणसे आज आपल्याकडेही आहेत. चोर बाजारातून, भंगारवाल्याकडून, पाडायला काढलेल्या बंगल्यांतून ते पंखे आणतात, गंज खरवडतात, वाइंडिंग नव्याने भरून घेतात आणि वहीत नोंद करतात. कंपनी कोणती, पाती तीन की चार, घेर किती इंचांचा, पंखा एसी प्रवाहावरचा की डीसीवरचा, हे सारे त्या नोंदीत असते. हा छंद वाईट नाही. यंत्राचा इतिहास जपला पाहिजे. पण अशा नोंदवह्यांचा आरंभ जिथे विजेचा पंखा आला तिथे होतो. त्याच्या आधी त्याच छताला काय टांगलेले होते आणि ते कोण हलवत होते, याचा रकाना त्यांत नसतो.

आमच्या महाविद्यालयाच्या अडगळीत असाच एक बिडाचा अवजड पंखा पडून होता. तो पाहून एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, वीज नव्हती तेव्हा कोर्टात साहेबलोक घामाने भिजत बसायचे का?" भिजत नव्हते. त्यांच्यासाठी दुसरे कोणीतरी घाम गाळत होते. हा लेख त्या दुसऱ्या माणसाविषयी आहे.

वारा घालून घेणे ही आपल्या संस्कृतीत केवळ सोय नव्हती, ती सत्तेची खूण होती. राजावर आणि देवावर चवऱ्या ढाळल्या जात. मोठ्या घरी जेवणाऱ्याला विंझणवारा घातला जाई. उन्हातून आलेल्या लेकराला आई पदराने वारा घालते, ती माया. एकाने आयुष्यभर वारा घालायचा आणि दुसऱ्याने आयुष्यभर तो घ्यायचा, ही मात्र व्यवस्था झाली. इंग्रजांनी ही व्यवस्था मोडली नाही. त्यांनी ती छताला टांगली.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कोलकात्याच्या इंग्रज वस्तीत छताचा झुलता पंखा रूढ होत गेला. लांबलचक लाकडी चौकट, तिच्यावर ताणलेले कापड, खाली झालर. चौकटीला बांधलेली दोरी कप्पीवरून भिंतीच्या भोकातून व्हरांड्यात जाई. दोरीच्या एका टोकाला साहेबाचे जेवण, झोप, कचेरी आणि न्यायासन. दुसऱ्या टोकाला एक माणूस. तो बसून ओढी, हात भरून आले की दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून ओढी. उन्हाळ्याच्या रात्री पाळ्या लावून माणसे ओढत. ज्या माणसाच्या श्रमातून वारा निर्माण होई, तो स्वतः त्या वाऱ्याच्या बाहेर बसलेला असे.

हे ओढणारे सगळे अस्पृश्यच होते असे म्हणणे चुकीचे ठरेल. ज्याला जमीन नाही, हुन्नर नाही आणि पोट आहे, असा कोणत्याही जातिधर्माचा माणूस या कामावर येई. पण जमीन आणि हुन्नर कोणाला मिळू दिले नव्हते, हे आपल्याला ठाऊक आहे. भिंतीच्या भोकाची रचनाही आपल्या ओळखीची आहे. श्रम आत यावेत आणि माणूस बाहेर राहावा, ही युक्ती गावकुसाने शेकडो वर्षे वापरली होती.

या माणसाला झोपेचा अधिकार नव्हता. रात्री डुलकी लागली, पंखा थांबला, की साहेब उठून लाथ घाली. त्या काळच्या न्यायालयांत आणि वृत्तपत्रांत अशा लाथांनी नोकर आणि पंखेवाले मेल्याची प्रकरणे वारंवार येत. बचाव ठरलेला असे. मृताची प्लीहा, म्हणजे पाणथरी, हिवतापाने आधीच वाढलेली होती, ती फुटली, त्यात साहेबाचा हेतू नव्हता. आग्र्याचे फुलर प्रकरण 1876 साली गाजले. फुलर या इंग्रज वकिलाने मारल्यावर त्याचा मोतद्दार मरण पावला. शिक्षा झाली 30 रुपये दंड. व्हाइसरॉय लिटनने त्यावर जाहीर नापसंती नोंदवली, तेव्हा इथला गोरा समाज व्हाइसरॉयवरच खवळला. माणूस मेल्याचे दुःख नव्हते, साहेबाला बोल लागल्याचे होते. आजही आपल्या वस्तीवर अत्याचार झाला की गावाला बदनामीचेच दुःख अधिक होते, ही गोष्ट येथे आठवते.

साहित्याने या माणसाकडे कसे पाहिले? ई. एम. फॉर्स्टर यांच्या ‘अ पॅसेज टु इंडिया’ (1924) या कादंबरीत खटल्याचे प्रसिद्ध दृश्य आहे. त्या न्यायालयात पंखा ओढणारा एक माणूस बसला आहे. तो नीच मानलेल्या जातीतला आहे, उघड्या अंगाचा आहे आणि देखणा आहे. खटला गडगडतो, लोक ओरडत बाहेर पडतात, दालन रिकामे होते. हा मात्र काही घडल्याचे न कळून दोरी ओढतच राहतो. फॉर्स्टर हे साम्राज्याचे भाट नव्हते, सहृदय लेखक होते. तरीही त्यांना या माणसात देवाचे शिल्प दिसले, मजूर दिसला नाही. त्याला सौंदर्य मिळाले, नाव मिळाले नाही आणि तोंडात एक वाक्यही मिळाले नाही. त्याला खरोखरच काही कळत नव्हते काय? जो दिवसभर न्यायासनासमोर बसून प्रत्येक निकाल ऐकतो, त्याला न्याय कोणासाठी असतो हे इतरांपेक्षा अधिक कळले असण्याचा संभव आहे. त्याने ते लिहिले नाही, कारण त्याला लिहिता येऊ दिले नव्हते. दलित आत्मकथनांचे मोल इथे आहे. दोरीच्या दुसऱ्या टोकाचा माणूस त्यांतून प्रथमच स्वतः बोलला.

आता यंत्राकडे येऊ. जर्मनीतून अमेरिकेत गेलेल्या आणि सिंगर शिलाई यंत्रांच्या कारखान्यात काम करणाऱ्या फिलिप डील यांनी 1880 च्या दशकात विजेची मोटर छताला टांगून पाती फिरवली. कोलकात्यात 1899 मध्ये वीजपुरवठा सुरू झाला. मुंबईत ‘बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज’ कंपनी 1905 मध्ये आली. शहरामागून शहरात वीज गेली आणि व्हरांड्यातला माणूस उठला. त्याची दया येऊन कोणी त्याला उठवले नाही. यंत्र डुलकी घेत नव्हते आणि हिशेबाला स्वस्त पडत होते, म्हणून तो उठला. तो पुढे कुठे गेला, याची चौकशी करण्याचे कोणाला कारण नव्हते.

जुना पंखा आणि नवा पंखा यांची तुलनाही करू. जुन्याचे अंग बिडाचे, वजन भारी, घेर मोठा, चाल संथ. कोलकात्याच्या जुन्या भागांत डीसी पुरवठा दीर्घकाळ टिकला, तिथल्या पंख्यांत कार्बनचे ब्रश असत आणि ते झिजले की बदलावे लागत. भिंतीवरच्या जाड रेग्युलेटरात तारेची वेटोळी असत. वेग कमी केला की वाचलेली बरीचशी वीज त्या वेटोळ्यांत तापून वाया जाई. वारा कमी होई, बिल मात्र त्या प्रमाणात उतरत नसे. आजचा 48 इंची साधा पंखा सुमारे 75 वॅट घेतो. बीएलडीसी मोटरचा नवा पंखा 28 ते 35 वॅटमध्ये तेवढाच वारा देतो. दिवसाला दहा तास पंखा चालला, तर महिन्याला 12 ते 14 युनिट वाचतात. 1 जानेवारी 2023 पासून छताच्या पंख्यांना ऊर्जाबचतीचे तारांकन सक्तीचे झाले आहे. पण कमी वीज खाणारा पंखा विकत घ्यायला महाग. ज्याच्या घरी बिलाचा प्रत्येक रुपया मोजला जातो, त्याच्याच पत्र्याखाली जास्त वीज खाणारा स्वस्त पंखा फिरतो आणि गरम वारा खाली ढकलतो.

म्हणून यंत्र वाईट असे म्हणायचे काय? नाही. येथे बाबासाहेबांची भूमिका नीट समजून घेतली पाहिजे. 1945 च्या ‘व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टु द अनटचेबल्स’ या ग्रंथात त्यांनी यंत्रविरोधाची कठोर चिकित्सा केली. माणसाला पशूच्या पातळीवरून उठायचे तर त्याला फुरसत हवी, फुरसतीशिवाय संस्कृती नाही आणि यंत्राशिवाय सर्वांना फुरसत नाही. दोष यंत्राचा नाही, यंत्राची फळे मूठभरांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेचा आहे, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. हा केवळ ग्रंथातला विचार नव्हता. 1942 ते 1946 या काळात मजूरमंत्री असताना वीजधोरणाची धुरा त्यांच्याकडे होती. वीज मुबलक हवी, खात्रीची हवी आणि स्वस्त हवी, हा आग्रह त्यांनी 1943 मध्ये मांडला. पुढच्याच वर्षी केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले. तरीही घरोघरी वीजजोडणी देण्यासाठी 2017 मध्ये ‘सौभाग्य’ योजना काढावी लागली. या अंतराचा जाब कोणी द्यायचा?

यंत्राला जात नसते, पण ते कुठे पोहोचावे हे जात ठरवते. मुंबईच्या गिरण्यांत माग यंत्राचे होते, तरी धागा तोंडाने ओढावा लागतो म्हणून विणकाम खात्यात अस्पृश्यांना मज्जाव होता. साहेबाच्या झोपेचा प्रश्न होता तेव्हा यंत्र वाफेच्या जहाजातून सातासमुद्रापलीकडून आले. गटाराचा प्रश्न आहे तिथे काय झाले? हाताने मैला वाहण्यास बंदी घालणारा कायदा 1993 मध्ये झाला, दुसरा 2013 मध्ये झाला. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात मेलेल्यांच्या वारसांना 10 लाख रुपये भरपाई ठरवली, 2023 मध्ये ती 30 लाख केली. भरपाईची रक्कम वाढवावी लागते, याचा अर्थ माणसे मरत आहेत. गटार साफ करणारे यंत्र जगात नाही असे नाही. ते आपल्या गल्लीत येत नाही, कारण इथे दोरी ओढणारा माणूस अजून यंत्राहून स्वस्त आहे आणि त्याची लायकी जन्माने ठरली आहे, असे मानणारा समाज शाबूत आहे.

जुने पंखे जमवणाऱ्यांनी ते जरूर जमवावेत. आपल्या विद्यार्थ्यांनी त्या नोंदवहीत एक रकाना वाढवावा. जुन्या कचेऱ्यांच्या, न्यायालयांच्या, विश्रामगृहांच्या भिंती नीट पाहाव्यात. दोरीचे बुजवलेले भोक कुठे सापडले, तर त्याची नोंद करावी. वस्तीतल्या म्हाताऱ्यांना विचारावे, आपल्या घराण्यात कोणी ही दोरी ओढली होती का. आणि छताखाली वाऱ्याला बसल्यावर प्रत्येकाने एकदा पायांखालच्या गटाराची आठवण ठेवावी. तिथे आज कोण उतरला आहे, आणि त्याच्या कमरेला बांधलेल्या दोरीचे दुसरे टोक कोणाच्या हातात आहे?