बोल्ट-ॲक्शन आणि अर्धस्वयंचलित रायफल : ठाणे-कल्याण परिसराच्या संदर्भात शस्त्रनिवडीचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

दि. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईतील छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दोन दहशतवाद्यांनी एके-४७ प्रकारच्या रायफलींतून बेछूट गोळीबार केला. त्यात पन्नासहून अधिक निरपराध माणसे मृत्युमुखी पडली. ठाणे, डोंबिवली व कल्याण येथील लाखो नोकरदारांचा नित्याचा रेल्वेप्रवास याच स्थानकावर संपतो. त्यामुळे या घटनेचा आघात या परिसराला विशेष जाणवला. तेथे तैनात असलेल्या सुरक्षा कर्मचाऱ्यांपैकी काहींच्या हाती केवळ लाठ्या, तर काहींच्या हाती ‘थ्री-नॉट-थ्री’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बोल्ट-ॲक्शन रायफली होत्या. ‘जुनी रायफल’ हेच अपयशाचे कारण, असा निष्कर्ष त्यानंतर सर्वत्र काढला गेला. हा निष्कर्ष अर्धसत्य आहे. शस्त्राची निवड केवळ त्याच्या यंत्रणेवरून ठरत नाही. ती अंतर, दारूगोळ्याचा पुरवठा व सराव या तीन घटकांवरून ठरते, हे प्रस्तुत लेखात ऐतिहासिक दाखल्यांच्या आधारे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

दोन यंत्रणांमधील मूलभूत भेद

बोल्ट-ॲक्शन रायफलीत प्रत्येक गोळीनंतर नेमबाजाला हाताने बोल्ट मागे ओढून रिकामी पुंगळी बाहेर काढावी लागते व तो पुढे ढकलून नवे काडतूस भरावे लागते. गोळी नळीतून जात असताना यंत्रणेचा मोठा भाग स्थिर असतो. परिणामी प्रत्येक गोळी जवळपास सारख्याच परिस्थितीत सुटते आणि दूरच्या नेमासाठी हे सातत्यच निर्णायक ठरते. अर्धस्वयंचलित रायफलीत स्फोटाच्या शक्तीचा काही अंश, बहुधा नळीतील वायूच्या रूपाने, पुढील काडतूस भरण्यासाठी वापरला जातो. चाप ओढताच एक गोळी सुटते आणि पुढची आपोआप तयार होते. यात वेग साधतो व नजर लक्ष्यावरून हटत नाही; मात्र हलणारे भाग वाढतात, निगा अधिक लागते आणि काडतुसांचा खप वाढतो.

ली-एनफिल्डचा काळ

ली-एनफिल्ड मालिकेचा आरंभ १८९५ साली झाला. १९०७ मध्ये स्वीकारलेली तिची आखूड आवृत्ती दोन्ही महायुद्धांत ब्रिटिश हिंदी सैन्याचे मुख्य पायदळी शस्त्र होती व तिचे उत्पादन बंगालमधील ईशापूर येथेही होत असे. दहा काडतुसांच्या या रायफलीच्या दर्शिकेवर २,००० यार्डांपर्यंतच्या खुणा होत्या. तथापि, ब्रिटिश सैनिकांची प्रसिद्ध कसोटी ३०० यार्डांवर एका मिनिटात १५ गोळ्या नेमाने मारण्याची होती. म्हणजेच हाताने चालणाऱ्या यंत्रणेतूनही कठोर सरावाने वेग मिळवता येत असे.

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ मोठी लष्करी संक्रमण छावणी उभारण्यात आली. फाळणीनंतर तेथे सिंधी निर्वासितांचे पुनर्वसन झाले आणि १९४९ साली त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. ‘कॅम्प नंबर’ सांगण्याची तेथील पद्धत या इतिहासाची आजही साक्ष देते. ही छावणी गजबजलेली असतानाच अमेरिकेचे सैनिक १९३६ साली स्वीकारलेली गॅरँड ही अर्धस्वयंचलित रायफल घेऊन लढत होते. ब्रिटिश व हिंदी पायदळ मात्र बोल्ट-ॲक्शनवरच राहिले. कोट्यवधी काडतुसे, चालू स्थितीतील कारखाने आणि प्रशिक्षित मनुष्यबळ हे सारे ऐन युद्धात बदलणे शक्य नव्हते. शिवाय .३०३ काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड होती. मॅगझिनमध्ये या कडा एकमेकींत अडकण्याचा धोका असल्याने आपोआप भरणाऱ्या यंत्रणेस ते काडतूस फारसे सोयीचे नव्हते.

१९६२ नंतरचे परिवर्तन

१९६२ च्या चीन युद्धात भारतीय पायदळाची मदार मुख्यतः .३०३ रायफलीवरच होती. चिनी सैन्याकडे अर्धस्वयंचलित व स्वयंचलित शस्त्रे होती. त्या पराभवाची कारणे अनेक होती. पुरवठा, रस्ते, थंडीचे कपडे व नेतृत्व या सर्वच बाबतींत उणिवा होत्या. तरीही शस्त्रबदलाची निकड त्या युद्धाने अधोरेखित केली. बेल्जियन एफएन रायफलीच्या धर्तीवर बनलेली ७.६२ मि.मी. ची ‘एसएलआर’ ही अर्धस्वयंचलित रायफल पुढे सैन्याचे प्रमुख शस्त्र झाली.

याच काळात ईशापूर येथे ७.६२ मि.मी. काडतुसासाठी ली-एनफिल्डच्याच घडणीची नवी बोल्ट-ॲक्शन रायफलही तयार करण्यात आली. एसएलआरचे पुरेसे उत्पादन होईपर्यंतची ही सोय होती. निवड एका यंत्रणेची झाली असली तरी उत्पादनक्षमतेमुळे दुसरीलाही सोबत ठेवावे लागले, हे येथे लक्षात घ्यावयास हवे.

अर्धस्वयंचलित शस्त्र स्वीकारणे म्हणजे काडतुसांचा अखंड ओघ स्वीकारणे होय. या दृष्टीने महाराष्ट्राचे स्थान महत्त्वाचे आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा, तर लहान शस्त्रांची काडतुसे बनवणारा वरणगावचा कारखाना चीन युद्धानंतरचा. कल्याणच्या पुढील स्थानकांपैकी एक असलेल्या अंबरनाथ येथील आयुध निर्माणीही या साखळीतील धातुकामाचा दुवा आहे. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन हे कारखाने नव्या सरकारी कंपन्यांकडे गेले.

लांब पल्ल्याचा प्रश्न

यंत्रणा जितकी नवी तितकी ती लांब पल्ल्यास सरस, हा समज अनुभवास उतरत नाही. भारतीय सैन्याने दीर्घकाळ ड्रॅगुनोव्ह ही अर्धस्वयंचलित नेमबाजी रायफल वापरली. पायदळाच्या तुकडीबरोबर राहून काहीशे मीटरवरील लक्ष्यांवर लागोपाठ गोळ्या झाडण्यास ती योग्य होती. अधिक दूरच्या पल्ल्यासाठी मात्र नियंत्रण रेषेवर .३३८ काडतुसाच्या साको टीआरजी-४२ या बोल्ट-ॲक्शन रायफली तैनात झाल्याचे २०२२ साली प्रसिद्ध झाले. क्रीडाक्षेत्रातही हेच दिसते. २०१० ची विश्वविजेती तेजस्विनी सावंत व २०२४ चा ऑलिंपिक कांस्यपदक विजेता स्वप्निल कुसळे या कोल्हापूर जिल्ह्यातील नेमबाजांच्या ५० मीटर प्रकारात प्रत्येक काडतूस स्वतंत्रपणे हाताने भरावे लागते.

सामान्य नागरिकास तर ही निवड फारशी उपलब्धच नाही. शस्त्र नियम, १९६२ मधील वर्गीकरणाने .३०३ व ७.६२ मि.मी. च्या रायफली, मग त्या बोल्ट-ॲक्शन असोत वा अर्धस्वयंचलित, एकाच निर्बंधित गटात ठेवल्या. कायद्याने येथे यंत्रणेपेक्षा लष्करी काडतुसाला अधिक महत्त्व दिले.

पोलिसांपुढील पेच

सैन्याने सोडलेले शस्त्र पोलिसांच्या वाट्यास येते, हा भारतातील सर्वसाधारण क्रम होय. उत्तर प्रदेश पोलिसांनी .३०३ ला औपचारिक निरोप दिला तो २०२० च्या जानेवारीत. टर्मिनसवरील संघर्ष काही मीटर ते काही दशक मीटर अंतरावरचा होता. शेकडो यार्डांवरील सावकाश नेमासाठी घडलेले शस्त्र तेथे अपुरे पडणे स्वाभाविक होते. परंतु केवळ अर्धस्वयंचलित रायफल हाती दिल्याने प्रश्न सुटला असता, असेही म्हणता येत नाही. कल्याण वा डोंबिवली स्थानकाच्या पुलावरील सायंकाळची गर्दी डोळ्यांपुढे आणावी. ७.६२ मि.मी. ची गोळी लक्ष्य भेदूनही पुढे जाऊ शकते. सराव नसलेल्या हाती वेगवान शस्त्र आले, तर चुकणाऱ्या गोळ्यांचाही वेग वाढतो, आणि त्या गर्दीत चुकलेली प्रत्येक गोळी कोणाच्या तरी जिवावर बेतू शकते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, बोल्ट-ॲक्शन व अर्धस्वयंचलित या यंत्रणा म्हणजे मागास व प्रगत अशा दोन पायऱ्या नसून भिन्न कार्यांची भिन्न साधने आहेत. वेळ हाती असता दूरच्या एकाच नेमासाठी पहिली, तर जवळच्या व बदलत्या लक्ष्यांसाठी दुसरी उपयुक्त ठरते. २००८ मधील दोष रायफलीच्या वयापेक्षा ती कोणत्या कामासाठी, कोणाच्या हाती व किती सरावानिशी दिली गेली यात अधिक होता. नव्या शस्त्रांच्या खरेदीइतकीच तरतूद सरावाच्या काडतुसांसाठी झाली, तरच या इतिहासापासून काही बोध घेतला असे म्हणता येईल.