स्वभावाचा वारसा आणि चिलट

स्वभावाला औषध नाही, असे लोक म्हणतात. परंतु स्वभाव वारशाने येतो काय, हे पारखावयाचे कसे? गाल्टनने १८६९ साली नामांकित घराण्यांच्या वंशावळी चाळल्या. घराण्याबरोबर पैसा, शिक्षण आणि वशिलाही वारशाने येतो, याचा हिशेब मात्र त्याने पुरेसा धरला नाही. पुढे सुप्रजननाच्या नावाखाली माणसांवर जे अत्याचार झाले, त्यांचे बीज तेथेच पडले.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६२ साली रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभारणाऱ्या ओबेद सिद्दिकी यांनी वर्तन-आनुवंशिकीसाठी पिकल्या केळ्यावर घोंगावणारे चिलट निवडले. चिलटाला ना घराणे, ना वशिला! दुफाट्याच्या नळीत एका वाटेवर वास ठेवावयाचा आणि किती चिलटे तिकडे वळतात, ते मोजावयाचे. वास न उमगणारी चिलटे निवडून तो दोष कोणत्या जनुकांत आहे, याचा सिद्दिकी व व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी घेतलेला शोध १९७८ साली प्रसिद्ध झाला.