गिरणीतला धोटा आणि वर्गातला फळा

‘ऑफिसात राजकारण नको.’ ‘वर्गात जातीचा विषय नको, वातावरण बिघडतं.’ आपल्यापैकी कुणी खैरलांजीचं किंवा रोहित वेमुलाचं नाव काढलं की हे हमखास ऐकवलं जातं. निवडणुकीचे निकाल मात्र चहासोबत चघळले जातात, आरक्षणावरचे टोमणेही चालतात. मग बंदी नेमकी कशावर आहे? इतिहासालाच विचारू या.

मुंबईच्या कापडगिरण्यांत जास्त मजुरी मिळे ती विणकाम खात्यात. तिथे अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि अस्पृश्याचं तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. कामगार एकजुटीच्या घोषणा रोज होत. या बंदीविरुद्ध संघटना लढत नव्हत्या. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या नेत्यांपुढे ठेवला आणि तो मागण्यांत घ्यायला लावला. फूट बोलण्याने पडली नव्हती. ती आधीपासून होती, बोलण्याने फक्त उघडी पडली.

फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांपुढे बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचं सांगितलं. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र संपात उतरले. म्हणजे जातीवर स्पष्ट बोलणाराच एकजुटीलाही पुढे होता.

वर्गाचं काय? एल्फिन्स्टन हायस्कुलात शिक्षकांनी भीमरावांना फळ्याकडे बोलावलं, तेव्हा फळ्यामागचे आपले डबे उचलायला सवर्ण मुलं धावली. जात वर्गात आपण आणलेली नाही. ती फळ्यामागे आधीच बसली होती. पुढे १९४६ मध्ये बाबासाहेबांनी सिद्धार्थ महाविद्यालय उभारलं. तिथे विद्यार्थ्यांची संसद भरे आणि त्या संसदेपुढे ते स्वतःही बोलले. चालू प्रश्नांवरची चर्चा त्यांच्या लेखी शिक्षणाचाच भाग होती.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच: कामाच्या वेळी काम करू, तासाला अभ्यास करू, पण चर्चा निघाली की मान खाली घालणार नाही. आरडाओरडा नको. तारीख, कायदा, निकाल हाताशी ठेवून शांतपणे बोलू. नव्याने नोकरीला लागलेली आपली बहीण कोपऱ्यात गप्प बसली असेल, तर तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसू. एकट्याचं मौन सोयीचं असतं ते समोरच्याला.

जय भीम!