मातृमार्गी परजीवी-संक्रमण

परजीवीने मातेच्या शरीरातून गर्भावस्थेत अपरेवाटे किंवा जन्मानंतर दुधावाटे अपत्यात शिरणे, यास मातृमार्गी संक्रमण म्हणतात. कुत्र्यातील टॉक्सोकारा कॅनिस हा गोलकृमी याचे ठळक उदाहरण होय. प्रौढ कुत्रीने गिळलेल्या अंड्यांतून निघालेल्या अळ्या बहुधा आतड्यात पूर्ण न वाढता तिच्या स्नायूंत व इतर ऊतकांत सुप्तावस्थेत मुक्काम करतात. गर्भधारणेच्या सुमारे ४२व्या दिवसापासून त्या पुन्हा सचेत होऊन, अपरा ओलांडून, गर्भाच्या यकृतात दाखल होतात. जन्मानंतर त्या फुप्फुसांतून श्वासनलिकेवाटे घशात येतात, गिळल्या जातात आणि आतड्यात प्रौढ होतात. म्हणूनच अवघ्या तीन आठवड्यांच्या पिल्लाच्या विष्ठेतही अंडी आढळतात. सर्व अळ्या एकाच वेळी जागृत होत नसल्यामुळे एकदा बाधलेली कुत्री पुढील वेतांनाही हा उपद्रव देते, आणि नेहमीची जंतनाशके या सुप्त अळ्यांपुढे निष्प्रभ ठरतात, हे या कृमीचे खरे सामर्थ्य. म्हशीतील टॉक्सोकारा व्हिट्युलोरम हा कृमी मुख्यत्वे दुधावाटे रेडकात उतरतो. रेडकांच्या मृत्यूचे हे कारण गोठ्यात फार उपेक्षिले जाते. पिल्लांस दुसऱ्या आठवड्यापासून व रेडकांस दहाव्या ते सोळाव्या दिवसांच्या दरम्यान पशुवैद्याच्या सल्ल्याने जंतनाशक देण्याची तजवीज पशुपालकांनी अवश्य करावी.